सरकारला तीनदा पुकारणारे मामा

मामांनी सरकारला पुकारलं तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात एका वकालतनाम्यावर तिकीट चिकटवत होते. आत सुदामचं प्रकरण निघालं होतं. नव्या पट्टेवाल्यानं दारात येऊन सुदामचं नाव तीन वेळा घेतलं, कोणी आलं नाही, तो आत गेला. येणार कोण? सुदाम शेजारच्या जिल्ह्यातल्या तुरुंगात होता आणि त्याला आणायला पोलीस मिळाले नव्हते. ज्या जमादाराची साक्ष व्हायची होती तो आला नव्हता. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात होते. तेवढ्यात आवारातल्या लिंबाखाली बसलेले मामा उठले, पायऱ्या चढले, टोपी सरळ केली आणि दाराच्या डाव्या अंगाला आपल्या जुन्या जागी उभे राहिले. त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती.

"महाराष्ट्र शासन, हाजिर हो."

पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी गप्प झाले. तिसऱ्या वेळी रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. नव्या पट्टेवाल्यानं मामांचं मनगट धरलं आणि काय करून राह्यले म्हणून विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "केस सरकार विरुद्ध सुदाम हाय ना? मंग अर्ध्याच कागदाला कामून पुकारता? सुदाम कुठं हाय ते समद्यांला म्हाईत हाय. सरकार कुठं हाय ते इचारून राह्यलो."

न्यायाधीश साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि पुन्हा असा प्रकार केला तर कारवाई होईल अशी समज दिली. मामांनी हात जोडले. मग म्हणाले, सरकार आलं नाही एवढं फक्त रोजनाम्यात लिहून घ्या. ते लिहिलं गेलं नाही. म्हणून मी इथं लिहिते आहे.

मामा माझे घरमालक. कोर्टातला प्रत्येक शिपाई सगळ्यांचा मामाच असतो, पण आमच्या तालुक्याच्या कोर्टात नुसतं मामा म्हटलं की तेच. बत्तीस वर्षं त्यांनी एकाच दारात पुकारा केला. मी वकिलीची नवी सनद घेऊन त्या गावात आले आणि खोली बघायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा भाड्याचं बोलण्याआधी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी मधे आईचं नाव लावते. वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार. मामा म्हणाले, "बराबर केलं. समन्स घेऊन गेलं की बाप कधी घरी सापडत न्हाई. आईच सापडती."

ते कोणालाही अर्ध्या नावानं हाक मारत नसत. दूधवाल्याला त्याच्या बापाच्या नावासकट आणि गावासकट बोलवायचे. घरातल्या मांजरीला ते "मनी, बापाचं नाव ठाऊक नाही, राहणार चुलीमागं" म्हणत, आणि ती यायची. त्यांच्या घरात कॅलेंडर नव्हतं. तारीख हा शब्द त्यांच्यापुढे कोणी काढला तर ते तोंड फिरवून बसत. नळ दुरुस्त करणारा परवा येतो म्हणाला, तर त्याला म्हणाले, आत्ता ये, न्हाईतर येऊच नको, आम्ही हंड्यानं पाणी आणू. आणि खरंच चार महिने हंड्यानं आणलं, मीही आणलं. घनसावंगीच्या भाच्यानं लग्नाची पत्रिका आणली तेव्हा तिच्यावरची तारीख त्यांनी अंगठ्यानं झाकली आणि विचारलं, वार कोणता ते सांग. वार सांगितल्यावर गेले आणि पोटभर जेवून आले. गल्लीत लोक म्हणत, म्हातारा अर्धा शहाणा आहे. मलाही त्यात गंमत वाटायची. त्यामागे काय आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

लहानपणी आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे सनद मिळाल्यावर वर्षभराच्या आत मी कच्च्या कैद्यांवर एक पत्रक काढलं, ज्यांच्यावर गुन्हा शाबित झालेला नाही अशा, आत सडत असलेल्या माणसांवर. व्यवस्था, अन्याय, हजारो बंदी, सगळं त्यात होतं. मामांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

"उद्गारचिन्हं लई झाली," ते म्हणाले. "अन् नाव एकाचंबी न्हाई. हजारो बंदी म्हंजे कोण? हजारोंना पुकारता येत न्हाई, पत्रकवाल्या बाई. एकेकालाच पुकारावं लागतं."

मी चिडून म्हणाले, मग तुम्हीच सांगा एक नाव. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सुदामचं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं नाव, वय, राहणार तीर्थपुरीच्या अलीकडची वस्ती, धंदा जीप चालवणं. बत्तीस वर्षांत हजारो नावं घेतलेल्या माणसानं हेच नाव का काढलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सुदामची गोष्ट छोटी आहे. आष्टीच्या बाजारात दोन भावकींची मारामारी झाली आणि त्यात एक जण मेला. मारणाऱ्यांपैकी काही जण ज्या जीपमधून आले होते ती जीप सुदाम चालवत होता. तो म्हणतो, मी भाडं घेऊन गेल्तो. पोलीस म्हणतात, तो कटात होता. तो निर्दोष आहे का, हे मला माहीत नाही. ते ठरवण्यासाठीच खटला असतो आणि तो खटलाच होत नव्हता. पाच वर्षांत दोषारोप ठेवला गेला आणि त्यापुढे एकही साक्षीदार तपासला गेला नाही. अटक झाली तेव्हा त्याची बायको दोन महिन्यांची गरोदर होती. ती मुलगी आता अंगणवाडीत जाते आणि बापाला काचेमागचा माणूस म्हणून ओळखते.

त्याचा बाप प्रत्येक तारखेला यायचा. वस्तीवरून चालत रस्त्यापर्यंत, तिथून जीप, मग बस. सोबत फडक्यात भाकरी, कारण तारखेला पोराला आणलं तर पोलिसांच्या हातापाया पडून एखादा घास देता येतो. पोराला आणलं नाही की ती भाकरी तो परतीच्या बसमध्ये स्वतः खायचा. पाच वर्षांत सुदामला चारदा आणलं. बाकीच्या वेळी बापानं व्हरांड्यात उभं राहून फक्त त्याचं नाव ऐकलं.

मी आणि माझे वरिष्ठ वकील, आम्ही सुदामचा वकालतनामा घेतला आणि जामिनाचा अर्ज केला. मुद्दा एकच होता: खटला चालवता येत नसेल तर माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अर्ज फेटाळला गेला. तो आदेश माझ्याकडे आहे. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय की अर्जदार अटकेपासून आजतागायत न्यायालयीन कोठडीत आहे. सहाव्या परिच्छेदात लिहिलंय की खटला लांबण्यास अर्जदाराची वारंवार गैरहजेरी कारणीभूत असल्याचे रोजनाम्यावरून दिसते. पहिला आणि सहावा परिच्छेद यांच्यामध्ये अडीच पानं आहेत. तेवढ्या अडीच पानांत, ज्याला तुम्ही कुलूपबंद केलंय तो माणूस तुमच्या दारात येत नाही म्हणून गुन्हेगार ठरतो. ज्यानं हे लिहिलं, ज्यानं टाइप केलं, ज्यानं तपासलं, त्यांपैकी एकालाही ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघावीशी वाटली नाहीत. मी तो आदेश घेऊन तशीच घरी गेले.

मामा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी आदेश वाचून दाखवला. रोजनाम्याची नक्कल आणली का, एवढंच त्यांनी विचारलं. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची ती नोंद. मी ती पानं त्यांच्यापुढे धरली. पानोपानी तोच जांभळा शिक्का होता: आरोपी गैरहजर. तहकूब. खाली साहेबांची सही, मग पुढची तारीख. मामांनी पानं उलटली, शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आत गेले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मनीलाही त्यांनी हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि उभ्यानंच सांगू लागले.

त्यांच्या कोर्टात एक कारकून होते, साहेबांच्या समोर बसून रोजनामा लिहिणारे. मामांचे जिवलग मित्र. तीस वर्षं दोघांनी एका कपातला चहा बशीत अर्धा-अर्धा करून प्याला. त्या कारकुनांची बोटं संधिवातानं वाकडी झाली. दिवसाला साठ-सत्तर प्रकरणं, प्रत्येकात लिहायचं, आरोपीस पोलीस पथक उपलब्ध नसल्यानं कारागृहातून हजर केले नाही, सबब प्रकरण तहकूब. त्यांना पेन धरवत नव्हतं. मामांना ते बघवलं नाही. त्यांनी गावातल्या शिक्केवाल्याकडून एक शिक्का बनवून आणला. शिक्का लहान, त्यावर लांब वाक्य मावेना, म्हणून शिक्केवाल्यानंच सुचवलं ते कोरलं. कारकून खूश झाले. मग तो शिक्काही मामाच मारू लागले. दारात तीनदा पुकारायचं, आत यायचं, "गैरहजर हाय साहेब" म्हणायचं, शिक्का मारायचा. जामिनावर सुटून पळालेला असो की तुरुंगात कोंडलेला, शिक्का एकच. साहेब बदलत गेले. प्रत्येकानं त्याच्याखाली सही केली. शिक्का बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण त्यानं काम जल्दी होत होतं.

"दया म्हणून केल्तं मी," मामा म्हणाले. "त्याची बोटं दुखत व्हती."

मग त्यांनी मला ते सांगितलं ज्यामुळे त्यांनी सुदामचं नाव काढलं होतं. सुदामच्या पहिल्याच तारखेला त्यांनी पुकारा केला आणि आत जाऊन गैरहजर म्हणून सांगितलं. बाहेर आले तर सुदामचा बाप मटकन खाली बसलेला. त्यानं मामांचे पाय धरले आणि विचारलं, "पळाला का वो माझा पोरगा?" त्याला वाटलं, कोर्ट सांगतंय म्हणजे पोरगा तुरुंगातून फरार झाला. मामा तेव्हा हसले. चहाच्या वेळी ही गोष्ट त्यांनी कारकुनांना आणि बाकीच्या शिपायांना विनोद म्हणून सांगितली, आणि सगळे हसले. "त्या दिवशी मला एकदाबी वाटलं न्हाई की म्हातारा बराबर इचारून राह्यला," ते म्हणाले. "कागदावर त्याचं पोरगं पळालेलंच व्हतं. मीच पळवलं व्हतं."

त्यानंतरच्या पहिल्याच तारखेला मामांनी दारात उभं राहून सरकारला पुकारलं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जायचं तर पुरावा हवा होता. तुरुंगातून प्रत्येक तारखेला कोर्टाला पत्र येतं की पोलीस पथक न मिळाल्यानं बंदीला पाठवता आलं नाही. ती पत्रं प्रकरणाच्या फायलीत लावत नाहीत, सगळ्या खटल्यांची मिळून एका वेगळ्या गठ्ठ्यात बांधतात, हे मला कोणत्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं. मामांनी सांगितलं कोणत्या कपाटात, कोणत्या रंगाच्या फडक्यात. मी नकलेचा अर्ज केला. अलीकडच्या दोन वर्षांची पत्रं मिळाली. त्याआधीच्या तीन वर्षांची रद्दीत गेली होती, नियमानुसार. म्हणजे त्या तीन वर्षांत सुदाम तुरुंगात असूनही कोर्टात का आला नाही, हे सांगायला पुढे येईल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि त्यानंच गैरहजरचा शिक्का मारला होता.

मामांनी शपथपत्र करायचं ठरवलं. ही बातमी त्याच दिवशी कारकुनांपर्यंत पोहोचली. तेही निवृत्त झाले होते. काठी टेकत आमच्या ओसरीवर आले आणि पाणीसुद्धा न घेता बोलू लागले. त्यांचं म्हणणं सोपं होतं: चौकशी लागली तर आपल्या दोघांवर लागेल, साहेब लोक कुठल्या कुठं बदलून गेले. हे खरंच होतं. या देशात चूक नेहमी सगळ्यात खालच्या टेबलापाशी सापडते.

"माझ्या बोटांची कीव आली म्हणून शिक्का आणला तू," ते म्हणाले. "आता तीच बोटं छाटतो व्हय?"

मामांनी त्यांच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझी बोटं दुखली म्हणून त्याचं समदं शरीर आत ठिवलं आपण. आता मला बोटाचं सांगू नको."

"तू त्याचा कोण लागतो?"

"कोणीच न्हाई. तुझाच लागतो."

कारकून उठले आणि गेले. पुन्हा ते आमच्या गल्लीत आले नाहीत. बाजारात मामा समोर दिसले तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. मामांनी चहा कपात प्यायला सुरुवात केली.

शपथपत्र मी टाइप केलं. मी लिहिलं होतं, कार्यालयीन प्रथेनुसार शिक्का मारला जात असे. मामांनी ते खोडायला लावलं. प्रथेनं शिक्का मारला नाही, मी मारला, तसं लिही, म्हणाले. आरोपी तुरुंगात आहे हे मला माहीत होतं, तसंही लिही. मी सांगितलं की हे वाक्य तुमच्यावर उलटेल, पेन्शन अडकू शकते. ते म्हणाले, "बाई, तू पत्रकात दुसऱ्याला आरोपी करती. कधीमधी आपल्यालाबी करावं." मला फार राग आला. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच.

खंडपीठानं जामीन दिला. विलंबाला आरोपी जबाबदार नाही, खटला नजीकच्या काळात संपण्याची शक्यता नाही, असं दोन पानांत म्हटलं. पाच वर्षं जे कोणाला दिसलं नाही ते वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली असतील. त्या रोजनाम्याखाली ज्यांच्या सह्या होत्या त्यांच्याबद्दल आदेशात एक शब्द नव्हता.

तरी सुदाम आणखी पाच आठवडे आतच राहिला. जिल्ह्यातला, नावावर मालमत्ता असलेला जामीनदार हवा होता. भावकीतल्या चौघांनी सातबारा द्यायचं कबूल केलं आणि चौघांच्याही घरी ऐन वेळी कोणीतरी आजारी पडलं. शेवटी मामांनी स्वतःच्या घराचा उतारा दिला. गल्लीतला किराणावाला मला ऐकू जाईल असं म्हणाला, कोर्टाचा शिपाई आता खुन्यांचा जामीनदार झाला. मामांनी त्याला त्याच्या पूर्ण नावानं रामराम घातला आणि गूळ घेतला.

सुटकेच्या दिवशी मी, मामा आणि सुदामचा बाप सकाळपासून तुरुंगाच्या फाटकाबाहेर होतो. कागद पोहोचला, मग कागद चुकला, मग कागद सापडला. दुपार टळल्यावर छोटं दार उघडलं आणि एक वाकलेला माणूस प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आला. वय चौतीस. मी त्याला पन्नाशीचा समजून त्याच्या मागे बघत राहिले. बापानं ओळखलं. दोघं एकमेकांपुढे उभे राहिले, कोणी कोणाला हात लावला नाही. मग बापानं मामांकडे बोट केलं आणि सांगितलं की हे कोर्टातले मामा, ह्यांच्यामुळं तू सुटला.

"न्हाई," मामा म्हणाले. "माझ्यामुळं अडकला."

आणि तिथंच, फाटकासमोरच्या धुळीत, त्यांनी त्याला सगळं सांगितलं. दारात कसं पुकारलं, आत जाऊन काय म्हणालो, शिक्का कसा मारला. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. सुदाम ऐकत होता. त्याला राग आलेला दिसेना. त्याला एका वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं.

"म्हंजे दर तारखेला माझं नाव घेत व्हते तुमी?"

"तीनदा."

"मला वाटलं, कोर्ट मला इसरलं."

मग तो माझ्याकडे वळला, कारण मी काळा कोट घातला होता. त्यानं विचारलं, केस संपली ना आता? मला सांगावं लागलं की नाही, हा नुसता जामीन आहे. मग किती राहिली, त्यानं विचारलं. मी सांगितलं, अजून सुरू व्हायची आहे, एकही साक्षीदार झालेला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला परक्या भाषेत काही सांगितलं.

"मंग पाच वर्सं तिथं काय चाल्लं व्हतं?"

मी वकील होते. पत्रकं लिहीत होते. उत्तर मात्र मामांनी दिलं.

"तुझी गैरहजेरी लिहून राह्यलो व्हतो, बाबा," ते म्हणाले.

सुदामनं मान हलवली. पाच वर्षांत त्याला कोणी दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं, आणि त्याला ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.